मटणाचं रोस्ट बीफ सँडविच

मंडळी, दुपारपासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहितोय.

लेकीला शाळेतल्या मैत्रिणींसारखं गरम रोस्ट बीफ सँडविच हवं होतं. आमच्या घरात बीफ शिजत नाही. आज शुक्रवार, इथे आखातात सुट्टीचा दिवस; शुवैख भागातलं माझं गॅरेज बंद. म्हणून मटण भाजलं, पातळ कापून ब्रेडवर रचलं, वर गरम ग्रेव्ही ओतली.

एक घास खाऊन लेक म्हणाली, "नाइस ट्राय, बाबा! पण बीफ असं नाही लागत."

"तुला काय माहीत?"

तिने आतल्या खोलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "आईला नको ना सांगू."

तेवढ्यात बायकोने आतून विचारलं, "अहो, जमलं का?"

"एकदम!" मी म्हणालो.

तेव्हापासून बायकोच्या नजरेला नजर देता येत नाहीये. तुम्ही काय सांगितलं असतंत?