देवयानीच्या कानावरची गाठ

कोलकात्यात डमडमच्या आमच्या इमारतीत मराठी घरं दोनच, त्यामुळे देवयानी आपोआपच माझ्या वाट्याला आली. आमच्या ह्यांची सगळी नोकरी गार्डन रीचला रेल्वेत गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच राहिलो. देवयानी आणि तिचा नवरा अनीश समोरच्या फ्लॅटमध्ये आले ते सेक्टर फाइव्हमधल्या कॉम्प्युटर कंपन्यांतल्या नोकऱ्या घेऊन. पोरगी गोड, कामसू, पण इथल्या चिकचिकीत उन्हाळ्यातही केस मोकळे. एकदा मी फटकन म्हटलं, "अगं, बांध ते केस, तुला बघूनच मला उकडतंय." तिने उजव्या बाजूचे केस वर केले. मी हबकलेच. कानाच्या पाळीमागे सुपारीएवढी गाठ होती, लालसर आणि तुकतुकीत.

कॉलेजात असताना नाशिकला मैत्रिणींच्या नादाने तिने कानाला दुसरं भोक पाडून घेतलं होतं. जखम भरली, पण भरायची थांबेचना. कातडी वाढतच गेली. डॉक्टर त्याला कीलॉइड म्हणतात. एकदा कापून काढली, तर पहिलीपेक्षा मोठी होऊन परत आली. मग तिने नाद सोडला. लग्नात अंबाडा घालायला नकार दिला, त्यावरून सासरी कुजबुज झाली. ऑफिसच्या दारावरची बाई विचारायची, "दीदी, काने की होयेछे?" कानाला काय झालंय म्हणून, आणि ही हसून लिफ्टकडे पळायची. गाठ खाजायची, ठणकायची, त्या कुशीवर झोपता यायचं नाही. हे सगळं ती इतकं निमूट सोसायची की मलाच राग यायचा. तिच्या जागी मी असते तर कोलकाता डोक्यावर घेतलं असतं.

ऋचा झाली आणि मांडीवर खेळताना नेमका तोच कान ओढायला लागली. तेव्हा कुठे देवयानी एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. पहिल्या दिवशी सोबत मी होते, कडेवर ऋचा. त्यांनी आधी कान बधिर केला, मग एक बारीक सुई गाठीत घालून तिच्यातून वीज सोडली. मी डोळे गच्च मिटले. म्हटलं, झटके देतात की काय पोरीला! बाई हसल्या. म्हणाल्या, ही रेडिओलहरींची वीज, झटका देत नाही, गाठीला आतून तापवून आकसवते. मागोमाग तिथेच इंजेक्शन. असं महिन्या-महिन्याने करायचं, आणि तरी पुन्हा येणारच नाही अशी हमी नाही. निघताना त्यांनी ऋचाच्या गालाला हात लावला. "हिचे कान मात्र टोचू नका. कातडीचा हा स्वभाव आईकडून लेकीकडे येऊ शकतो."

देवयानीने घरी आल्याआल्या हे सासूबाईंना सांगितलं. प्रेमलताबाई विट्याच्या, नातीला सांभाळायला इथे येऊन राहिलेल्या. "बरं," म्हणाल्या. त्या एका "बरं"वर आम्ही सगळे निर्धास्त राहिलो.

गाठ बसत गेली. शिमग्याच्या सुमाराला शेवटची खेप झाली तेव्हा पाळी सपाट होती, नुसता फिकट डाग. देवयानीने दवाखान्यातच केस वर बांधले, कानाचा फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. खाली एकच शब्द, "गेली!" मलाही पाठवला. मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी ती ऑफिसातून आली तेव्हा मी मुद्दाम तिच्याबरोबरच तिच्या घरात शिरले. प्रेमलताबाई काठापदराची साडी नेसून उभ्या, हातात पेढ्यांची ताटली. मला वाटलं, सुनेसाठीच. मग त्यांच्या मागे अनीशच्या खांद्यावर ऋचा दिसली. रडून डोळे सुजलेले, आणि दोन्ही पाळ्यांत हळद-तेल लावलेली सोन्याची तार.

देवयानीच्या हातातली पर्स खाली पडली.

"आपल्याच भागातला सोनार आहे गं, बडाबाजारात," प्रेमलताबाई कौतुकाने सांगू लागल्या. विट्याकडची माणसं सोनं गाळायच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. त्यातल्याच एका दत्तात्रयने त्यांना हा सोनार गाठून दिला होता. "टोचताना मीच धरलं हिला मांडीवर. तू मोठेपणी टोचलंस, तेही त्या टोचायच्या बंदुकीनं, म्हणून चिघळलं. लहानपणी कान लोण्यासारखे असतात. वर्षाच्या आत, सोन्याच्या तारेनं टोचलं की काही होत नाही. तुझ्यासारखं हिचं होऊ नये, म्हणूनच तर केलं. मन कचरत होतं, पण आज तुझा फोटो बघितला. म्हटलं, झालंच काही तर आता औषध आहे."

"माझा फोटो बघून?" देवयानी म्हणाली.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पाहुणी आहे हे विसरून मी त्या बाईंना वाट्टेल ते बोलले. आपण चांगलंच केलं याची त्यांना इतकी खात्री होती की, माझं ओरडणं त्यांच्या डोक्यातच शिरत नव्हतं. अनीश पुटपुटला, "मी ऑफिसात होतो. मलाही आत्ताच कळलं." देवयानीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला. तारा काढा, भोकं बुजू द्या, त्या म्हणाल्या. इतक्या लहान वयात पुष्कळदा काही होत नाही, पण पाळ्यांवर लक्ष ठेवा. तारा देवयानीनेच काढल्या. पोर किंचाळत होती, आणि तेव्हा कुठे प्रेमलताबाईंनी पेढ्यांची ताटली खाली ठेवली.

भांडण झालं नाही. देवयानीचा स्वभावच नाही तो. पण रोज आंघोळीच्या आधी ती ऋचाच्या दोन्ही पाळ्या चिमटीत धरून चाचपायची, आणि प्रेमलताबाई तेवढा वेळ स्वयंपाकघरात उगाचच भांडी वाजवत राहायच्या. भोकं बुजली. महिने गेले. माझ्याही मनातली भीती गेली होती.

दुर्गापूजेचे मांडव उठले त्या आठवड्यात देवयानीने मला हाक मारली. "काकू, जरा हात लावून बघा." डाव्या पाळीत, कातडीच्या आत, ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी घट्ट लागलं. मी पुन्हा चाचपलं. होतंच ते.

प्रेमलताबाई दारात येऊन उभ्या होत्या. "काही नाही ना गं?"

देवयानीने त्यांचा हात धरून जवळ घेतला आणि त्यांचं बोट ऋचाच्या पाळीवर ठेवलं. म्हातारीने तो दाणा दोनदा दाबून पाहिला. मग त्या म्हणाल्या, "डॉक्टरकडे कधी जायचं? मी येते. सुई टोचताना मी धरते हिला."

"नको, आई," देवयानी म्हणाली. "ह्या वेळी मी धरीन."