पिपलानीतला शेवटचा विद्यार्थी

"क्रियापद एकटं फिरत नाही रे, त्याच्या मागंपुढं कोण चाललंय ते बघ," असं शशिकलाबाई म्हणायच्या. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत त्यांचा उभा जन्म हे म्हणण्यात गेला. आता म्हणताना मध्येच श्वास घ्यावा लागे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या कामगारांना इंग्रजी शिकवू लागल्या. सुपरवायझर व्हायचं तर परीक्षेत इंग्रजीचा पेपर असे. घरात फळा नव्हता. व्हरांड्याच्या लाल फरशीवर बाई खडूनं वाक्य लिहीत, आणि पाना-हातोडी चालवणारे दांडगे गडी गुडघ्यांवर बसून क्रियापदाखाली रेघ ओढत. तेव्हा दाराशी चपला काढायला जागा नसे. मग स्वेच्छानिवृत्तीची लाट आली. शेजारचे क्वार्टर रिकामे पडले, खिडक्यांत कबुतरं नांदू लागली. उरला एकटा मोहन, कारखान्यात तांब्याच्या तारेच्या कॉइली गुंडाळणारा.

नागपूरला बाईंचा मुलगा श्रीकांत त्यांच्यासाठी खोली रंगवून बसला होता. बाईंचे गुडघे गेले होते, मनही शिणलं होतं. पण त्यांनी मोहनला शब्द दिला होता, "तुला क्रियापदं नीट सापडू लागली की मी निघाले."

आणि मोहनला ती सापडतच नव्हती. दिवाळी गेली, संक्रांतही गेली.

एका संध्याकाळी बाईंनी कण्हत वाकून लिहिलं, 'द क्रेन हॅज बीन लिफ्टिंग द कॉइल.' मोहनचा खडू 'हॅज'पाशी टेकला, थबकला, आणि पुढं सरकून नुसत्या 'लिफ्टिंग'खाली रेघ ओढून मोकळा झाला.

"'हॅज बीन' काय शोभेला बसलेत?"

"दिमागच चालत नाही, बाई. अजून दोन-चार महिने लागतील बघा."

"पावसाळ्यात याहून लांबलचक वाक्य तू चहाचा घोट घेता घेता फोडलंस. गाढवा, मुद्दाम चुकतोस!"

मोहन खडूकडं बघत म्हणाला, "तुम्ही गेलात की क्वार्टरांच्या या लाइनीत दिवा कुठं लागणार? ड्यूटी सुटली की मी जायचं कुणाकडं?"

बाईंना रागवायचं होतं, पण तेवढं बळ उरलं नव्हतं.

"माझं आता होत नाही रे बाळा," त्या म्हणाल्या. "उठताना भिंत धरावी लागते. मला जाऊ दे."

मोहननं बराच वेळ खडू बोटांत फिरवला. मग 'हॅज'पासून रेघ धरली ती थेट 'लिफ्टिंग'च्या टोकापर्यंत नेली. बाईंनी दुसरं वाक्य लिहिलं, मग तिसरं. त्यानं कुठंच चूक केली नाही.

"झालं मग," बाई म्हणाल्या, आणि फरशी पुसायचं फडकं आणायला भिंत धरून उठल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी क्वार्टरची किल्ली ऑफिसात जमा केली. मोहननं ट्रंक लाइनीच्या टोकाशी उभ्या रिक्षात नेऊन ठेवली होती. त्याचा आधार नको म्हणून त्यांनी हात हलवला आणि बंद दारांच्या रांगेतून त्या हळूहळू चालू लागल्या, थांबत, पुन्हा चालत. कारखान्याचा भोंगा होऊन गेला तरी मोहन ड्यूटीच्या कपड्यांत बाईंच्या फाटकाशी उभा राहून बघत होता.