फुलांखाली ठेवलेले इंजेक्टर

ह्यांनी पाना मागितला. मी दिला.
दुपारी हे गेले.

सकाळ अगदी नेहमीची होती. खंडेनवमी म्हणून वाडीतला झेंडू उजाडायच्या आत तोडून झाला होता. मी ओटी पुसली, चहा टाकला आणि हार ओवायला बसले. हे अंगणात गाडीचं बॉनेट उघडून उभे.

गाडी बरेच दिवस धक्के देत होती. सिग्नलला थांबली की थरथरायची.
गॅरेजवाला म्हणाला, इंजिनात पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ करायला लागतील, ठेवून जा.
ठेवून जातील ते हे कसले. यूट्यूबवर व्हिडिओ बघितला आणि म्हणाले, घरीच करू.

व्हिडिओतला माणूस फार भरभर बोलायचा. म्हणून मी गाडीच्या मॅन्युअलची पानं प्रिंट करून आणली.
माझी शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचन केळींना पाणी सोडून बांधावर बसल्या बसल्या केलेलं. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकले. तेव्हा मी वाचायचं आणि ह्यांनी करायचं, असं आमचं ठरलेलं.

आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवलं, म्हणजे पाइपात पेट्रोलचं प्रेशर राहत नाही. मग बॅटरी सोडवली. मग इंजेक्टर बाहेर.
बोटाएवढे. एवढ्याशा नळ्यांवर एवढी मोठी गाडी चालते, मला खरं वाटेना.

मी छोट्या बॅटरीच्या वायरी टेकवायच्या. इंजेक्टर आतून टिक वाजायचा. हे मागून क्लीनरचा स्प्रे मारायचे.
आधी कागदावर नुसती धार पडत होती. मग बारीक धुकं पडायला लागलं.

हे खूश. म्हणाले, "तू मेकॅनिक, मी हेल्पर. बोर्ड लावू."

मी म्हटलं, आता बसवून टाका, मग पूजा करा. नवीन रबरी रिंगा आणलेल्याच होत्या.

ह्यांनी ऐकलं नाही. इंजेक्टर कोरडे पुसले आणि पाटावर कोयता, विळा, पाने यांच्या रांगेत ठेवले. कुंकू लावलं, झेंडू वाहिला.
समोरच मोठ्या दिरांची गाडी हार घालून उभी होती. आमचं अंगण एकच आहे. त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. तिच्याकडे बघून हे म्हणाले, "दादाच्या गाडीची पूजा बाहेरून. आपली आतून."

आमच्या घरची रीत अशी की नवमीला पूजेला लावलेलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला उचलायचं.

जेवण झाल्यावर ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. घामाने बनियन भिजलं.

आमची गाडी पाटावर, फुलांखाली.
मी दादांच्या दारात गेले. म्हटलं, गाडी काढा.

दादा ह्यांना बघायला आले आणि म्हणाले, "पूजा झालेली गाडी आज हलवत नाहीत. आणि हा गॅस आहे. ओवा दे त्याला."

आणि हे, घामाघूम झालेले, मला म्हणाले, "दादा म्हणतोय तर थांबू जरा."

मला राग ह्यांचाही येतो. आज सांगून टाकते.
जन्मभर दादा म्हणतो तर. मरतानाही दादा म्हणतो तर.

अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला होता. ती कुठेतरी ट्रॅफिकमध्ये होती. दादांच्या गाडीची चावी देव्हाऱ्यात, हळदकुंकू लावलेली. जाऊबाई देव्हाऱ्यासमोर उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी अनवाणी नाक्यावर पळाले. एक रिक्षावाला रिक्षाची पूजा करत होता. उदबत्ती अजून त्याच्या हातात होती. मी काय बोलले मला आठवत नाही. त्याने उदबत्ती रस्त्याकडेला खोचली आणि म्हणाला, "ताई, बसा."
त्याच्या रिक्षालाही हार होता. त्याचाही देव होताच.

हॉस्पिटलच्या दारात हे गेले.

लवकर आणलं असतं तर वाचले असते का, हे मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही.
बरोबर आहे. पण हे कधीच नक्की कळणार नाही, याची सोय आपल्या माणसांनी केली.

आज पुन्हा नवमी. दादांनी ह्यांचा फोटो टाकलाय, खाली लिहिलंय "दैवापुढे कुणाचं चालतं". मला टॅग केलंय.

दादा, दैवाला मध्ये आणू नका. दैव आमच्या अंगणात उभं नव्हतं. तुमची गाडी उभी होती, पेट्रोल भरून.

कमेंटमध्ये हात जोडणाऱ्यांनो, हात जोडून ठेवा, पण गाडीची चावी देव्हाऱ्यात ठेवू नका.

आता गाडी मी चालवते. आज तिला हार घातलेला नाही. चावी दाराशेजारच्या खिळ्याला आहे. आपल्या गावात, आगाशीत, कुणालाही त्रास झाला तर हाक मारा. कुठलाही दिवस असू दे.
दादा, तुम्हीसुद्धा. मी ओवा देत बसणार नाही.

अहो, तुमच्यावर रागावलेली आहे, अजून. तरी नमस्कार करते. सुखात असा.

एक राहिलं. त्या संध्याकाळी ह्यांना पोचवून सगळे परत आल्यावर जाऊबाई म्हणाल्या, सुतक आहे, आता तेरावं होईपर्यंत त्या पाटाला हात लावू नकोस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फुलं बाजूला केली, इंजेक्टर उचलले, मॅन्युअल स्वतःलाच मोठ्याने वाचून दाखवत एकेक गाडीत बसवला, आणि चावी फिरवली.