एक वाजताचं रीडिंग

मोठे साहेब चिखलात बसले होते आणि आम्ही चौघं चार वेगवेगळ्या दिशांना बघत होतो.

पडताना आवाज चांगलाच झाला होता. आधी साहेबांचा, मग दुर्बीण दगडावर आपटल्याचा, मग पाण्यावरचे शेकडो पक्षी एकदम उडाल्याचा. तरी आमच्यातला सगळ्यात जुना माणूस, सटाण्याकडचा भामरे, माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाला, "तिकडं पाहू नका साहेब. त्यांना लाज वाटंल."

हे त्याचं कुजबुजणं होतं. पलीकडच्या काठावर कांद्याची रोपं लावणाऱ्या बाईने मान वर करून पाहिलं. आम्ही बॉयलर हाऊसची माणसं. जन्म मशीनच्या आवाजात गेला, हळू बोलणं आम्हाला कधी जमलंच नाही.

आम्ही तिथे काय करत होतो ते सांगतो. एकोणऐंशी-ऐंशीची गोष्ट. नाशिकच्या एका कारखान्यात मी बॉयलर हाऊसचा इंजिनियर होतो. बॉयलर म्हणजे वाफ तयार करणारी मोठी बंद टाकी. आत पाणी किती, वाफेचा दाब किती, हे दर तासाला बघून एका कागदावर लिहायचं. तो कागद म्हणजे लॉगशीट. त्यात शेवटी 'शेरा' नावाचा रकाना असतो. आकडा एकदम वर किंवा खाली गेला तर त्याचं कारण तिथे लिहायचं. तीन पाळ्यांना लॉगशीट भरायला तीन माणसं होती. भामरे, आहेर आणि पगारे.

त्या वर्षी नवे जनरल मॅनेजर आले. सगळे त्यांना मोठे साहेब म्हणत. त्यांना दोन नाद होते, पक्षी बघायचे आणि नवी यंत्रं आणायची. आल्या आल्या त्यांनी माझी लॉगशीटं मागवली.

"खैरनार, महिनाभर पाण्याची पातळी जागची हललीच नाही?"

"आपला बॉयलर गुणी आहे साहेब."

"इतका गुणी बॉयलर मी कुठे पाहिला नाही. मी चार्ट रेकॉर्डर मागवतो."

चार्ट रेकॉर्डर म्हणजे गोल कागदावर पातळीची आणि दाबाची रेघ आपोआप ओढणारं पेन. ते आलं की माझी तीन माणसं गोदामात पोती मोजायला जाणार, बॉयलरचा भत्ता बंद. पगारेने तर रात्रशाळा करून, नंतर बॉयलरची परीक्षा देऊन ही जागा मिळवली होती. मला फार वाईट वाटलं. त्या भरात मी बोलून गेलो, "साहेब, माझी माणसं डोळ्यांनी बघून लिहितात. त्यांचं रीडिंग कधी चुकत नाही."

"ठीक आहे. रविवारी मला दाखवा. मी पक्षी बघायला जातोच आहे. त्यांना घेऊन या."

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. रविवारी बॉयलर बंद असायचा. सकाळी सहाला आम्ही नाशिकच्या द्वारका चौकात जमलो. आहेर पांढरा शुभ्र शर्ट-पँट घालून, ट्रान्झिस्टर घेऊन आला होता. सहल म्हटल्यावर त्याला एवढंच सुचलं. भामरेकडे दिवाळीच्या उरलेल्या शंकरपाळ्यांचा डबा होता. साहेबांनी ट्रान्झिस्टर जीपमध्येच ठेवायला लावला. डब्याला परवानगी मिळाली.

निफाडच्या पुढे नांदूर मधमेश्वरच्या पाण्याशी जीप सोडली आणि काठाकाठाने चालायला लागलो. साहेबांनी तिघांना एकेक कागद दिला. चक्रवाक, करकोचे, बगळे, इतर, शेरा. अगदी आमच्या लॉगशीटसारखा. चक्रवाक म्हणजे थंडीत उत्तरेकडून येणारं, नारिंगी रंगाचं मोठं बदक. दर तासाला मोजायचं, एकमेकांचं बघायचं नाही, तीन वाजता तपासणी.

सकाळ मजेत गेली. उसातून कोल्हा निघाला, थांबला, आहेरच्या पांढऱ्या कपड्यांकडे पाहून परत उसात शिरला. साहेब खुणेने काहीतरी दाखवत. मग भामरे कुजबुजे, "दिसला साहेब, दिसला!" आणि जे काही दिसलेलं असे ते उडून जाई. साहेबांनी त्याला शंकरपाळ्या खात राहायला सांगितलं. तर त्या इतक्या कडक, की त्यांच्या आवाजानेही बगळे उडाले.

एक वाजता आम्ही बाभळीखाली जेवायला बसलो. साहेब मात्र करकोच्याच्या मागे पाण्याकडे गेले आणि पडले.

कोणीच गेलं नाही तेव्हा ते आपले आपण उठून आले. पँट बाभळीवर वाळत घातली आणि भामरेचा पंचा गुंडाळून बसले. आम्ही गव्हाच्या पेरणीबद्दल बोलत राहिलो. आमच्यापैकी एकाचंही शेत नव्हतं. नंतरही आम्ही काठाने फिरलो, साहेब पंच्यातच. पण गेलेले पक्षी काही फिरकले नाहीत.

तीनला परत बाभळीशी आलो. साहेब म्हणाले, "खैरनार, वाचा मोठ्याने."

भामरेचा कागद घेतला. सुंदर अक्षर. दहा वाजता चक्रवाक चौदा. अकराला चौदा. बाराला तेरा, एकला चौदा, दोनला चौदा. शेरा, काही नाही. आहेरचा कागदही तसाच, फक्त त्याच्याकडे एक चक्रवाक जास्त होता. साहेब ऐकत होते. चेहऱ्यावरची माशी हलली नाही.

मग पगारेचा कागद. खाडाखोड, मातीची बोटं. "दहा. बगळे नऊ. दहावा बगळा जवळ गेल्यावर चिंधी निघाला. अकरा. कोल्हा एक. बारा. काळा पक्षी, ओळखू आला नाही, साहेबांनाही नाही." आणि त्याखाली एक वाजताची ओळ.

ती मी आधी मनात वाचली. पगारे स्वतःच्या चपलांकडे बघत उभा होता. ही ओळ गाळली तर तिन्ही कागद सारखेच खोटे ठरणार आणि तिघं गोदामात. वाचली तर मीही बहुधा त्यांच्या मागोमाग. मला खरंच भीती वाटत होती. घरी दोन मुली शाळेत होत्या.

मी वाचलं.

"एक. चक्रवाक शून्य, करकोचे शून्य, बगळे शून्य. शेरा, मोठे साहेब पडले. दोन. अजून शून्य. शेरा, पँट वाळत आहे."

साहेबांनी पंचा नीट केला.

"भामरे, एक वाजता तुमचे चौदा चक्रवाक कुठे होते?"

"नव्हते साहेब."

"मग लिहिले कसे?"

"शून्य लिवलं तर शेऱ्यात कारण लिवावं लागतं. आता ते कारण मी कसं लिवणार? ते समोर बसलेलं व्हतं."

साहेबांच्या तोंडाचा कोपरा हलला. "आणि बॉयलरवर? तिथे तर मी पडत नाही."

भामरेने माझ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तिथं कारण लिवलं की खैरनार साहेब मेमो देत्यात. आकडा का हलला, तू कुठं होता, लेखी खुलासा दे. म्हणून आम्ही समदं ठीक शे असं लिवतो."

मला त्या क्षणी जागा बदलून साहेबांच्या चिखलात जाऊन बसावंसं वाटलं. कारण ते खरं होतं. सात वर्षं शेऱ्यात कोणी काही लिहिलं की मी त्याचा खुलासा मागायचो. शेरे बंद झाले, तेव्हा मला वाटलं, माझा बॉयलर सुधारला.

साहेब खूप वेळ हसले. मग पँट चढवत म्हणाले, "खैरनार, रेकॉर्डर राहू द्या. मेमो बंद करा. पगारेसारखं लिहायला बाकीच्यांना शिकवा. आणि हो, तो काळा पक्षी मला ओळखू आला होता."

पगारेने खिशातून पेन्सिल काढली आणि शेऱ्यात तेही लिहून घेतलं.

रेकॉर्डर आला नाही. तिघं बॉयलरवरच राहिले. मी तिघांना उभं करून सांगितलं की शेऱ्यात काहीही लिहा, कोणी विचारणार नाही. आठवड्यात लॉगशीटं भरून वाहायला लागली. पाणी चढवणारा फीड पंप आवाज करतो. पातळी दाखवणारी काच काळी पडली, आकडा अंदाजे. यातून एक व्हॉल्व्ह गळताना वेळेवर सापडला, नाहीतर महागात पडलं असतं.

आणि एका दुपारी भामरेच्या सुवाच्य अक्षरात ही नोंद आली, "दोन वाजता. पाणी बरोबर, दाब बरोबर. शेरा, इंजिनियर साहेब खुर्चीत घोरत व्हते. बॉयलरपेक्षा आवाज जास्त."

खाली सहीची जागा माझी होती. दोनदा वाचलं. मेमोचं पॅड टेबलावरच होतं, ते ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि सही केली. खरं रीडिंग हवं असेल तर साहेबाला एवढं सोसावं लागतं.