लाल गाडी आणि एका भोकाचा टीव्ही

आमच्या टीव्हीला भोक एकच होतं. गेमच्या वायरीला टोकं तीन होती. आणि या दोघांचं लग्न लावायला निघालेल्या माणसाला अक्कल किती होती, ते पुढं कळेलच. (तो माणूस मी.)

टीव्ही बाबांचा. लाकडी शटरचा, चार पायांवर उभा, मागं अँटेनाचं एकुलतं एक भोक आणि त्यात केबलची वायर. बाबा भातसा धरणावर नोकरीला होते, दरवाजे वर-खाली करायच्या कामावर. "मुंबई पानी पिते ना, ती या हातानं," असं उजवा हात वर करून सांगायचे. निवृत्त झाल्यावर आम्ही शहापुरात बाजारामागच्या आळीत राहायला आलो आणि त्या हाताला सोडायला पाणीच उरलं नाही. मग एके दिवशी बाबा कारल्याचा मांडव बांधायला स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. उजवंच मनगट मोडलं!

प्लास्टर निघालं तेव्हा बोटं वळायला तयार नाहीत. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दिला. "दिवसभर दाबत राहा काका. नाहीतर बोटं अशीच राहतील." बाबांनी तो चेंडू घरी येताच कोनाड्यात ठेवला. "मी या वयात चेंडू खेळू? उद्या खुळखुळा द्याल!"

आळीच्या तोंडाशी पुंडलिकची चहाची टपरी. बाबांची सकाळ-संध्याकाळ तिथंच जायची. प्लास्टर निघाल्यावर ते मोठ्या उत्साहानं गेले, ग्लास उचलला आणि निम्मा चहा धोतरावर. पुंडलिक बिचारा मायेनं बोलला, "भाऊ, बशीत ओतून देऊ का?" झालं! बाबा उठले, घरी आले आणि त्या दिवसापासून त्यांनी उंबरा ओलांडला नाही. दाराला कडी घालून टीव्हीसमोर बसायचे, आणि टीव्हीकडेही बघायचे नाहीत. मला खरंच भीती वाटायला लागली. हाताचं काय व्हायचं ते होवो, पण माणूस असा आत बसला की हळूहळू बोलणंही सोडतो. मी नि माझी बायको वैशाली, दोघं चेंडू पुढं करायचो. बाबा तोंड फिरवायचे.

अशात मुरबाडहून माझा मेव्हणा नितीन आला. त्याच्या पिशवीत एक काळा डबा आणि दोन्ही हातांनी धरायचा रिमोट.

"दाजी, हा गेम बघा. मित्रानं नवीन घेतला, जुना मला दिला. यात बटनं दाबायला धाही बोटं लागतात. चेंडूचं काम होऊन जाईल, आन चेंडू दिसनार पन नाय!"

आयडिया ऐकून मी त्याला मिठी मारायची तेवढी बाकी ठेवली. मग आम्ही टीव्ही फिरवला, आणि तिथं ते एक भोक आमच्याकडं बघत होतं.

"तीनातली पिवळी वायर चित्राची," नितीन म्हणाला. "लाल, पांढरी नुसती आवाजाची. घाला पिवळी!"

घातली पिवळी. पडदाभर मुंग्या, आणि असा खर्रर्र आवाज की वैशाली आतून ओरडली, "कुकर उतरवा!" बाबांनी पाच मिनिटं शांतपणे पडद्याकडं बघितलं. "मुंग्यांची शर्यत हाय का? कंची जिंकली?"

नवीन टीव्ही घ्यायची माझी ऐपत नव्हती, आणि असती तरी बाबांनी तो घरात येऊ दिला नसता. नितीन म्हणाला, जुन्या व्हीसीआरमधून वायरी फिरवल्या की जमतं. दुसऱ्या रविवारी तो मुरबाडच्या एका दोस्ताच्या माळ्यावरून व्हीसीआर घेऊन आला. चालू केला तर आतून उंदरीण बाहेर आली. तिच्या मागं तिची चार पिल्लं! ती पाच जणं टीव्हीखाली गेली, वैशाली पलंगावर गेली आणि व्हीसीआर परत मुरबाडला गेला.

शेवटी मी बाजारात जयराम मेकॅनिककडं गेलो. रेडिओपासून मिक्सरपर्यंत सगळं उघडणारा माणूस. (बंद करायचं मात्र गिऱ्हाइकानं.)

"मॉड्युलेटर पायजे तुमाला," जयराम म्हणाला. "तो तिन्ही वायरी पोटात घेतो आन एकच वायर बाहेर काढतो. ती टीव्हीत घालायची, तीन नंबरचा चॅनल लावायचा. गेम हजर!"

"स्वस्तातला आहे?"

त्यानं खालच्या फळीवरून एक विटेएवढा डबा काढून फुंकला. "हा हाय. एक केबलवाला धंदा बंद करून गेला, त्याचा. पन सांगून ठेवतो, दमदार हाय."

"दमदार म्हणजे चांगलंच की!"

जयरामनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण मला घाई होती, शिवाय वैशालीची एक अट होती : गेमसाठी केबलची वायर काढायची नाही, तिच्या मालिकेच्या वेळी वायर शोधत बसायला तिला जमणार नाही. ते सांगितल्यावर जयरामनं दोन टी काढल्या, वायरींना फाटा फोडायच्या. "एक पाय टीव्हीला, एक केबलला, एक या डब्याला. ही टी साधी. ही दुसरी जरा महाग, ही उलटं काय जाऊ देत नाय."

"साधी द्या हो," मी हसून म्हणालो. "उलटं कुठं काय जाणार आहे?"

घरी येऊन जोडलं, तीन नंबर लावला आणि काय सांगू! पडद्यावर रस्ता, रस्त्यावर आठ गाड्या, आणि त्यातली लाल आपली! वैशालीनं टाळ्या वाजवल्या. बाबांनी "पोरखेळ!" म्हणून मान फिरवली. पण मी रिमोट त्यांच्या मांडीवर ठेवून चहा करायला गेलो आणि परत आलो तर लाल गाडी कठड्याला टेकलेली, नि बाबा तिला शिव्या घालत होते. "मागं ये गो! मागं ये, बोलतो ना!"

पहिल्या दिवशी बाबा आठातले आठवे. दुसऱ्या दिवशीही आठवे. पण उजव्या अंगठ्यानं दाबायचं बटण दाबलं जाऊ लागलं. आठवड्यानं पहिलं बोट वळलं. बाबा सकाळी नऊला बसायचे ते एक वाजता जेवणासाठी गाड्या थांबवायचे. (थांबवायचं बटण त्यांना पहिल्या मिनिटात कळलं. नोकरीच तसली!) जेवण, वामकुक्षी, आणि अडीचला पुन्हा शर्यत. दाराला कडी मात्र कायम. "कोनी बघितला तर काय बोलतील? म्हातारा गेम खेळतो!"

आणि मी? मी सकाळी, बाबा अंघोळ-पूजेला गेले की, कचेरीत जायच्या आधी अर्धा तास खेळून घ्यायचो. बाबांसाठी गेम नीट चालतोय ना, ते तपासायला. (वैशालीनं यावर विश्वास ठेवला नाही, तुम्हीही ठेवू नका.) माझी गाडी दुसऱ्याच वळणावर तोंड फिरवायची आणि समोरून येणाऱ्या सात गाड्यांच्या अंगावर जायची.

दोन आठवडे असे सुखात गेले. एका रविवारी बाबांना जेवायला वाढलं आणि बऱ्याच दिवसांनी मी टपरीवर गेलो. बघतो तर काय, टपरीत बसायला जागा नाही! सगळे माना वर करून पुंडलिकच्या टीव्हीकडं बघतायत. मीही मान वर केली. पडद्यावर रस्ता. रस्त्यावर आठ गाड्या, जागच्या जागी थांबलेल्या. एक लाल.

"चॅनल अडकलाय का रे?" मी घाबरत विचारलं.

"नाय ओ. जेवनाची सुट्टी झाली," पुंडलिक म्हणाला.

"कुणाची?"

"गाड्यांची! एक वाजला का सगळ्या थांबतात, अडीचला परत चालू. फॉरेनची शिस्त बघा तुमी!"

माझ्या घशात चहा अडकला. (अजून दिलाही नव्हता, तरी अडकला.)

शेजारच्या तुळसाकाकू फळीवर बसल्या होत्या. "अरे, माझा भजनाचा चॅनल गेला, न त्याच्या जाग्यावर हा लाल गाडीवाला आला. पहिल्या दिवशी मी शिव्या दिल्या. पन बिचारा रोज शेवटी राहतो रे, तरी दुसऱ्या दिवशी परत येतो! आता मी देवापुढं दिवा लावते त्याच्यासाठी. काल सहावा आला!"

"आळीतल्या अकराही घरांत येतो हा चॅनल," पुंडलिक म्हणाला. "तुमच्याकडं नाय येत?"

मी "बघतो, बघतो" करत घरी पळालो. आता सगळा प्रकाश पडला. केबलवाल्याचा तो दमदार डबा नुसता आमच्या टीव्हीत गेम सोडत नव्हता, साध्या टीमधून उलटा केबलच्या वायरीत शिरून साऱ्या आळीला दाखवत होता. कुणी बघू नये म्हणून बाबा कडी लावून बसत होते, आणि अकरा घरं त्यांना बघत होती!

"बाबांना सांगू नका हं," वैशाली कुजबुजली. "कालच त्यांनी चमचा धरलाय. कळलं तर रिमोट फेकून देतील, आणि मग बोटं..."

मलाही तेच वाटत होतं. बोटं निम्म्यात सोडली असती तर बाबा परत त्या खुर्चीत गप्प बसले असते, आणि या वेळी त्याला कारण माझा कंजूषपणा असता. मी बाबा झोपलेत तोवर मुकाट्यानं टी काढली, केबल बाहेर ठेवली आणि डब्याची वायर थेट टीव्हीत घातली. पाप धुतलं गेलं असं समजून हात धुतले.

अडीच वाजले. बाबांनी कडी लावली, शर्यत सुरू केली. पाच मिनिटांत दारावर थापा!

"सुधीर! अरे ए सुधीर! चॅनल गेला ना! तुमच्याकडं येतो का बघ, बाबा!" तुळसाकाकू. मी दार किलकिलं करून "नाही येत" म्हणेपर्यंत काकूंनी ते दोन्ही हातांनी ढकललं. मी भिंतीला. काकू घरात.

"अगो बाय! इथं तर येतो की!"

बाबांनी उजवं बटण दाबलं. लाल गाडी उजवीकडं वळली. काकूंनी टीव्हीकडं बघितलं. रिमोटकडं बघितलं. बाबांनी घाबरून डावं दाबलं. गाडी डावीकडं वळली.

"लाल गाडीवाला तुमी हाय, भाऊ?"

एवढं म्हणून काकू दारात गेल्या आणि त्यांनी अशी हाळी दिली की अर्ध्या मिनिटात आमच्या ओटीवर सगळी टपरी उभी! बाबांचा चेहरा उतरला. रिमोट बाजूला ठेवून ते भिंतीकडं बघायला लागले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

मग पुंडलिकनं डोकं खाजवलं. "भाऊ, राग नका मानू. पन ते पुलाजवळचा वळन तुमी रोज चुकवता. ब्रेक उशिरा मारता."

बाबांची मान गर्रकन फिरली. "कोन उशिरा मारतो?"

"सगळीच आळी बोलते तसा."

"सगळी आळी गाढव हाय! तिथं ब्रेक मारला तर मागचा निळा येऊन ठोकतो. धरनाचा दरवाजा आन गाडीचा ब्रेक, लवकर केला का घात! तुला काय कळतं? चल, दाखवतो!"

आणि बाबा उठले! कडी, लाज, दुखणं सगळं विसरून उंबरा ओलांडून तरातरा टपरीवर. आळी मागं, मी नि वैशाली त्यांच्या मागं. बाबांनी फळीवर पाण्यानं रस्ता काढला, साखरेचा डबा म्हणजे निळी गाडी, बरणी म्हणजे पूल, आणि उजव्या हातानं स्टेअरिंग वळवून वळवून ते भांडायला लागले. बोलता बोलता पुंडलिकनं सवयीनं चहाचा ग्लास पुढं केला. बाबांनी तो सवयीनं उजव्या हातात घेतला, एक घोट मारला आणि भांडण पुढं चालू! एक थेंब सांडला नाही. पुंडलिक बघतच राहिला. वैशालीनं पदर डोळ्यांना लावला. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? त्या भरात मी साध्या टीची सगळी हकिगतही सांगून टाकली.

"वायर परत जोड रे सुधीर," सगळे ओरडले. "भाऊ पयले येईपर्यंत चॅनल पायजे!"

"जोडतो की!" मी छाती फुगवली. सगळं माझ्याचमुळं झालं होतं ना!

तेवढ्यात तुळसाकाकू म्हणाल्या, "जोड, पन भाऊ, एक सांगा. सकाळी पूजेच्या टायमाला जो उलटी गाडी घालतो, तो कोन? त्याला आवरा गो बाय! सगळ्यांच्या अंगावर जातो मेला. आमच्याकडं तो आला का आमी टीव्ही बंद करतो."

सगळी टपरी हसली. बाबांनी चहाचा घोट घेतला. माझ्याकडं एकदा नीट बघितलं, मग आळीकडं बघितलं.

"तो होय?" बाबा म्हणाले. "तो आमचा नाय. पावना आलाय कोनतरी."

चौतीस वर्षं मी त्यांचा एकुलता एक मुलगा आहे. पण टपरीवर सगळ्यांत आधी मान मीच डोलावली.

"आम्हीसुद्धा वैतागलोय हो त्याला," मी म्हणालो.