अप्पाजींचं दुसरं दार

माझ्या सासऱ्यांनी, अप्पाजी रावांनी, चेन्नईतल्या वेलचेरीत एकतीस घरं बांधली आणि अप्पाजी समोरून दिसले की त्या घरांचे मालक रस्ता बदलायचे. घरं वाईट नव्हती, भक्कम होती. पण अप्पाजी प्रत्येकाला अडवून एकच प्रश्न विचारायचे, "दुसरं दार उपयोगी पडलं काय?"

अप्पाजी तंजावरकडचे मराठी, तरुणपणी सैन्यात पूल बांधायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते आणि त्यांचा मित्र रघुराम एका बंकरमध्ये असताना बाहेर गोळा पडला आणि बंकरचं एकुलतं एक तोंड मातीनं बुजलं. आत सहा तास हे दोघं आणि एक उंदीर. शेवटी लोकांनी उकरून काढलं. दोघंही वाचले. उंदराचं काय झालं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि लढाईबद्दल याहून जास्तही कधी सांगितलं नाही.

सैन्यातून सुटल्यावर ते घरं बांधायला लागले, पण डोक्यातला बंकर काही गेला नाही. पुढच्या दारातून आत शिरलं की अरुंद बोळ आणि लगेच काटकोनात वळण, म्हणजे स्फोटाचा धक्का सरळ आत येणार नाही. वेलचेरीवर बाँब कोण टाकणार होतं, देव जाणे! त्या वळणापायी लोकांनी सोफे उभे करून आत नेले, पलंग सुटे करून नेले आणि अप्पाजींच्या नावानं बोटं मोडली. शिवाय प्रत्येक घराला मागं एक रुंद दुसरं दार. त्यातून सामान न्यायला बंदी. "तें दार माणसांसाठी," म्हणायचे. एकदा तरी कुणी त्या दारानं खरोखर, गरज पडून, बाहेर पडावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

मी साताऱ्याची. मोटारीच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून चेन्नईत आले आणि अप्पाजींच्या मुलाशी, वेंकटशी, लग्न केलं. सासरच्या पहिल्याच जेवणात माझा हात रसमभातात असताना शिट्टी वाजली. "अस्के बाहेर!" अप्पाजी ओरडले. अस्के म्हणजे सगळे, हे मला कळेपर्यंत सगळे दुसऱ्या दारानं अंगणात पोचलेसुद्धा होते. अप्पाजींनी घड्याळ बघितलं. "एक्केचाळीस सेकंद. प्रमोदिनी लास्ट!"

ही कवायत दर महिन्याला. मी दर महिन्याला लास्ट. दाराची किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली आणि एक तारखेला बिजागऱ्यांना तेल ठरलेलं. देवाच्या दिव्यात एखादे वेळी तेल कमी असेल, पण बिजागरीला नाही.

दोन हजार पंधराच्या पुरात सगळी वेलचेरी पाण्यात गेली. अप्पाजी तोंडात शिट्टी धरून पायरीवर बसले. पण त्यांनीच जोतं इतकं उंच बांधलेलं, की पाणी शेवटच्या पायरीपर्यंत आलं आणि उतरून गेलं. पाणी घरात आलं नाही म्हणून हिरमुसलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. मला इतकं हसू आलं, की त्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

आमचं खरं भांडण जुंपलं ते वॉशिंग मशीनवरून. मागच्या बाजूला नळ एकाच ठिकाणी, नेमका दुसऱ्या दारापाशी. मी म्हणायची, मशीन इथेच ठेवणार. ते म्हणायचे, "वाट अडवूं नको." नऊ वर्षं मी बादलीत कपडे पिळले आणि पिळताना त्यांना ऐकू जाईल असं बोलले. मग गेल्या वर्षी अचानक म्हणाले, "शरी, ठेव." शरी म्हणजे बरं. वर मशीनसाठी स्वतः लोखंडी स्टँडही करून दिला. कवायतीही थांबल्या. मी सगळ्यांना सांगत सुटले, म्हातारा हरला!

यंदा मार्गशीर्षात, सकाळी कॉफी पिता पिता अप्पाजी गेले. नणंद सिंगापूरहून दुसऱ्या दिवशी पोचणार, म्हणून तोवर देह ठेवायला वेंकटनं काचेची शीतपेटी मागवली. चौघं ती घेऊन बोळात शिरले आणि काटकोनात अडकले. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. एक म्हणाला, "सार, त्यांना बाहेर व्हरांड्यात ठेवू या का?"

माझं डोकंच फिरलं. "ज्यानं घर बांधलं त्याला व्हरांड्यात ठेवता? दुसरं दार आहे!"

मी त्यांच्या जानव्याची किल्ली सोडवली. मशीन हलवायला वेंकटला हाक मारणार, तोच माझा हात लागून ते आपसूक बाजूला सरकलं. खाली वाकून पाहिलं, तर स्टँडला चाकं. फरशीवर ये-जा केल्याचे पुसट चरे. दार कुरकुर न करता उघडलं. बिजागरी ओली होती; एक तारीख होऊन चारच दिवस झाले होते. म्हातारा हरला नव्हता. मी ऑफिसला गेले की दर महिन्याला मशीन सरकवून तेल घालत होता. मी तिथेच बसून रडले, आणि रडता रडता हसलेही.

दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच दारानं नेलं. एकतीस घरांतले बरेच मालक अंगणात उभे होते, कुणीही रस्ता बदलला नाही. सगळ्यांच्या मागून मी बाहेर आले आणि दारापाशीच थांबले. "प्रमोदिनी लास्ट" कुणीच म्हणालं नाही.