सेक्रेटरींची घागर

पाणी प्यायला दिलं की सेक्रेटरी अर्धा पेला प्यायचे आणि उरलेलं उठून अंगणातल्या झाडाला घालून यायचे. अंगण कोणाचं का असेना. वर म्हणायचे, "वैनी, पाण्याला दोनदा राबवावं." मला वाटायचं, आपल्या पाण्याला नावं ठेवतो हा माणूस.

बीडच्या कडेला आमची सहकारी सोसायटी नवीनच झाली होती. ते तिचे सेक्रेटरी आणि आमचे शेजारी. असा एखादा तुमच्याही गल्लीत असेल. आंघोळीचं पाणी नळीने कडुनिंबाला, तांदळाचं धुवण जास्वंदीला, भांडी कोरड्या राखेने घासायची. आज नात मला पर्यावरण शिकवते तेव्हा मी तोंडाला पदर लावते. तेव्हा मात्र मी शहरातली झाले होते ना, शिरूर कासारहून येऊन चांगली दोन वर्षं झाली होती! मासिकातलं चित्र बघून मी दारात लॉन लावलं. सतरंजीएवढं.

मग दुष्काळ पडला. टँकर यायला लागला, घरटी चार घागरी. ते पाणी झाडांना घालायचं नाही, असा सोसायटीचा ठराव झाला. मी भरदुपारी, गल्ली झोपली की, तांब्यातांब्याने लॉनला पाजायचे. दिसायचं कोणालाच नाही. पण सगळं रखरखीत असताना ओल्या मातीचा वास लपतो का?

सभेत तक्रार आलीच. वास येतोय, पाणी कोण घालतंय? तुम्हीच सांगा, सगळ्यांत मोठ्याने कोण बोललं असेल? असल्यांचं पाणी आठ दिवस बंद करा, म्हणाले मी. सेक्रेटरींनी माझ्याकडे बघत बघत तसं लिहून घेतलं.

सकाळी ते फाटकाशी उभे.

"वैनी, तुमी सांगता का मी सांगू?"

टँकरच्या रांगेत मीच सांगून टाकलं. बायका इतक्या हसल्या की एकीची घागर कलंडली. तेही पाप माझ्याच माथी. आमचं पाणी आठ दिवस बंद झालं. आमचे हे तेवढे दिवस बोलले नाहीत. घसा कोरडा होता म्हणे.

लॉन चार दिवसांत वाळलं. पण रोज सकाळी दार उघडलं की उंबऱ्याशी भरलेली घागर असायची. कोणाची ते विचारावं लागलं नाही. मी मुकाट आत घ्यायचे.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींची दाढी वाढली. मी थट्टेने विचारलं, तर नारायणगडाचा नवस आहे म्हणाले. किती भाबडा माणूस, म्हणून मी घरात हसून घेतलं. आणि इतकी वर्षं तेच खरं धरून बसले.

परवा ते गेले. त्यांच्या बायकोला भेटायला गेले, तेव्हा बोलता बोलता मी त्या नवसाचं काढलं. ती म्हणाली,

"कसला नवस, बाई? दाढी-आंघोळीचं पाणी तुमच्या दारात येत व्हतं न्हवं."